उलटाक्षरी

आमच्या घरात अक्षरं दोन्ही बाजूंनी यायची.
अब्बा कंधारच्या दुकानांवर पाट्या रंगवायचे,
वर मराठी, खाली उर्दू,
एक ओळ डावीकडून निघालेली, एक उजवीकडून,
आणि दोघी ऑइलपेंटच्या वासात मधेच कुठंतरी भेटायच्या.
म्हणून त्या मार्गशीर्षात, माळेगावच्या जत्रेत,
गाढवांच्या बाजारापलीकडच्या तंबूत
ती ओरडली, "रतबुक!"
तेव्हा अख्ख्या तंबूत मला एकटीलाच आधी कळलं
की आता कबुतर येणार.

बोर्डावर नाव होतं मिस लाशीत्वस.
लोक म्हणायचे, बंगालची आहे, काळी विद्या शिकलीय.
ती औशाची सत्वशीला होती.
अंगात काळा कोट, खांद्यांवर सैल, कुणाचा कोण जाणे,
डोक्यावर पुठ्ठ्याची हॅट,
अब्बांनी रंगवून दिलेली, उधारीवर.

"तुपलं नाव काय गं?"
नगीना, मी म्हणाले.
तिनं ते बोटांत फिरवलं, आणि उलटं परत दिलं: नागीन.
दिवसभर मी फणा काढून हिंडले जत्रेत.

रात्री बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर
मी तिचं चित्रपुस्तक काढायला घेतलं, पानाला सहा चौकटी.
त्यात ती उडायची. कोटाची शेपटं विजेच्या तारांना घासायची.
खलनायक होता एक टँकर,
त्याला दात होते, पण नळी नव्हती.
"णीपा!" ती म्हणते, आणि तो भडाभडा ओकतो.
तिला दाखवलं. ती हसली, मग नाही हसली.
"पाणी नाही ऐकत, पोरी.
त्याला उलटं काय अन् सुलटं काय."

अंधार पडला की मागच्या कनातीतून बायका यायच्या.
एकीला नवरा परत पाहिजे होता, सुरतेला गेलेला.
तिनं पुढं केलेले अकरा रुपये हिनं मागं सारले,
कोटाच्या अस्तरातून पोस्टकार्ड काढलं
आणि विचारलं, "पत्ता सांगा."
एवढी मोठी जादू मी चौकटीत बसवू शकले नाही.

चौथ्या रात्री जनरेटर बंद पडला.
कुणीतरी धावलं, म्हणून सगळे धावले,
मधला खांब कलला,
कापड खाली आलं आभाळासारखं, पण जड.
"डजेउ!" ती ओरडली. उजेड आला नाही.
"बथां!" ती खांबाला म्हणाली. खांब थांबला नाही.
मग एक शब्द आला तिच्या तोंडून,
जो मी सवयीनं फिरवायला घेतला
आणि तो फिरेना.
वाचवा.
पुढून वाचवा, मागून वाचवा.
त्या शब्दाला पाठच नव्हती.

फडावरचे पैलवान आले, लंगोटावरच,
उंटवाले आले, पिपाणीवाला आला,
कुस्तीत नुकताच हरलेला एक जण तर सगळ्यांच्या आधी.
कापड उचललं तेव्हा खांबाखाली तिचा खांदा होता,
आणि तिच्या कोटाखाली दोन लेकरं,
एक माझ्या ओळखीचं, एक नाही.

हे मंत्रानं झालं का, अब्बांना विचारलं.
ते म्हणाले, झोप.

शेवटच्या पानावर मी तिला काढलं होतं
करंगळीवर तंबू तोलताना.
ती करंगळी मी खोडली.
रबर, दोन्हीकडून रबर, घासत राहिलं,
कागदाला भोक पडेपर्यंत.

गळ्यात हात बांधून ती ट्रकमधून गेली.
हॅटचे चाळीस रुपये राहिले ते राहिलेच,
अब्बांनी वहीतून कधी काटले नाहीत.

आता मी नांदेडात असते, आयटीआयच्या मागं.
गाड्या रंगवते.
रुग्णवाहिकेच्या कपाळावर तिचं नाव उलटं काढावं लागतं,
प्रत्येक वेलांटी आरशातली.
नवी पोरं तिथं हमखास चुकतात, ब्रश माझ्या हातात देतात.
मी काढते, आणि डब्याचं झाकण लावता लावता
हळूच पुटपुटते,
डघउ.
पुढं कुठंतरी, वसमत रोडला,
कुणा अनोळखी ड्रायव्हरच्या आरशात
ती अक्षरं सुलटी होत असतील
आणि तो गाडी बाजूला घेत असेल.